कप्तानीण

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज मुहूर्त लागला.

तर झालं असं, की आमची एक भिशी आहे. आठ जणींची. पैशांची भिशी केव्हाच बंद पडली, उरल्या त्या गप्पा आणि बटाटेवडे. मग वहिनीने टूम काढली, की चिठ्ठ्या टाकायच्याच, पण जिचं नाव निघेल तिने पैशांऐवजी पुस्तक निवडायचं. बाकीच्यांनी ते महिनाभरात वाचायचं आणि तिच्याच घरी जमून त्यावर बोलायचं. (वडेही तिचेच.) गेल्या दोन वर्षांत आम्ही आत्मचरित्रं वाचली, कादंबऱ्या वाचल्या, एकदा तर चक्क पाककृतींचं पुस्तक वाचलं आणि त्यावर सगळ्यात जास्त भांडलो.

या वेळी चिठ्ठी माझी निघाली. माझ्या कपाटात काय असतं ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नपासून जी सवय लागली, ती जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून इंग्रजी स्पेस ऑपेरापर्यंत जाऊन पोचली. ग्रहाग्रहांवरची साम्राज्यं, यानांचे ताफे, लढाया, कारस्थानं, सगळा भव्य मामला. भाची (वहिनीची मुलगी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, आमची सर्वांत तरुण सभासद) लगेच म्हणाली, "आत्या, आण की तुझं एखादं अंतराळवालं. पण एक अट. यान बाईच्या हातात पाहिजे. कोणीतरी येऊन सोडवण्यासाठी ठेवलेली बाई नको."

मावशीने विचारलं, "स्पेस ऑपेरा म्हणजे अंतराळातलं संगीत नाटक का गं?"

"तसंच समज. पदं सोडून."

"मग त्यात बायकांची कामं कोण करतं? बालगंधर्व?"

हशा झाला आणि विषय वड्यांवर गेला. रात्री कपाटापुढे उभी राहिले तेव्हा मात्र वाटलं, की मावशीने गमतीत अगदी मुद्द्याचं विचारलंय.

आधी नावाचंच बघा. हे नाव मुळात शिवी म्हणून जन्माला आलं. १९४१ साली विल्सन टकर नावाच्या अमेरिकन लेखकाने एका हौशी अंकात रद्दड, साचेबंद यानकथांना 'स्पेस ऑपेरा' म्हटलं. त्याआधी घोडेस्वारांच्या साचेबंद सिनेमांना 'हॉर्स ऑपेरा' म्हणत आणि रेडिओवरच्या दुपारच्या रडक्या मालिकांना 'सोप ऑपेरा'. सोप का, तर साबणवाल्या कंपन्या त्या मालिकांचा खर्च उचलत आणि ऐकायला घरकाम करणाऱ्या बायका असत. म्हणजे यानकथेला नावं ठेवताना टकरसाहेबांना बायकांच्या दुपारच्या करमणुकीचा आधार घ्यावा लागला. गंमत म्हणजे त्या यानकथांमध्ये स्वतः बायका जवळजवळ नव्हत्याच.

जवळजवळ अशासाठी म्हणते, की अगदी पहिल्या पानापासून एक बाई होती. 'द स्कायलार्क ऑफ स्पेस' ही कादंबरी १९२८ साली 'अमेझिंग स्टोरीज' मासिकात क्रमशः आली. स्पेस ऑपेराची गंगोत्री हीच म्हणतात. लेखक ई. ई. स्मिथ, पेशाने रसायनशास्त्रज्ञ. यानं, किरण, स्फोट हे सगळं त्यांना जमत होतं, पण प्रेमाचे प्रसंग जमेनात. ते लिहायला त्यांनी ओळखीच्या कुटुंबातल्या ली हॉकिन्स गार्बी या बाईंची मदत घेतली. मासिकात दोघांचीही नावं छापून आली. पुढे १९५८ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली, तिच्यावरून बाईंचं नाव गेलं. आणि कथेतल्या नायिकेचं काम काय? खलनायकाने पळवून नेलं जाणं! भाचीची अट पहिल्याच पुस्तकाला नापास.

याच स्मिथनी पुढे 'लेन्समन' मालिका लिहिली. मनगटावर एक दिव्य भिंग, ते मिळालेले निवडक वीर, आणि ते बाईला मिळत नाही असा दंडक. अपवाद एकच, क्लॅरिसा मॅकडूगल नावाची परिचारिका. तिला भिंग मिळतं खरं, पण ती नायकाची वाग्दत्त वधू, पुढे त्याची बायको आणि त्याच्या मुलांची आई.

हे मी वहिनीला फोनवर सांगत होते. सांगता सांगता 'कप्तानीण' असा शब्द तोंडून गेला. ती म्हणाली, "म्हणजे कप्तानाची बायको ना?"

मी गप्पच झाले. खरंच की! पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. सुभेदारीण म्हणजे सुभेदाराची. मास्तरीणबाई शाळेत शिकवणारीही असते आणि मास्तरांच्या घरातलीही, कोणती ते संदर्भावरून समजून घ्यायचं. आपल्या भाषेत अधिकाराच्या शब्दाला 'ईण' लावलं, की अधिकार बहुधा नवऱ्याकडेच राहतो. क्लॅरिसाबाई या अर्थाने कप्तानीण होत्या. मला हवी होती ती दुसऱ्या अर्थाची. मग मी कपाटातलं एकेक पुस्तक काढून एकच प्रश्न विचारत गेले: बाई, तू यातली कोणती?

आणि मावशीच्या बालगंधर्वांचं उत्तर मिळालं. आपल्याकडे संगीत नाटकात पुरुष शालू नेसून उभे राहिले. या तिकडच्या 'ऑपेरा'त उलटं झालं, बायका पगडी घालून उभ्या राहिल्या. सी. एल. मूर यांची पहिली गाजलेली कथा १९३३ साली 'विअर्ड टेल्स'मध्ये आली. सी. एल. म्हणजे कॅथरिन ल्युसिल. बाई असल्याचं लपवायला त्यांनी आद्याक्षरं घेतली असं सर्रास सांगितलं जातं. खरं कारण अगदी मध्यमवर्गीय होतं. त्या इंडियानापोलिसच्या एका बँकेत नोकरीला होत्या, दिवस महामंदीचे, आणि वरकमाई होतेय हे बँकेला कळलं तर नोकरी जाईल ही भीती.

अ‍ॅलिस मेरी नॉर्टन यांनी १९३४ मध्ये कायद्यानेच नाव बदलून आंद्रे अ‍ॅलिस नॉर्टन करून घेतलं, कारण पुस्तकं मुलग्यांसाठी लिहायची होती. ली ब्रॅकेट यांना तर 'स्पेस ऑपेराची राणी' म्हणत. त्यांच्या नावावरून बाई की बुवा ते कळत नसे, म्हणून 'द बिग स्लीप' सिनेमाच्या पटकथेसाठी दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांनी त्यांना पुरुष समजून बोलावणं धाडलं, असा किस्सा आहे. याच ब्रॅकेटबाईंनी वयाच्या साठीत 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'च्या पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. १९७८ मध्ये त्या गेल्या, सिनेमा १९८० मध्ये आला.

आपल्याकडेही टोपणनावाची एक छान गोष्ट आहे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पण लपण्या-लपण्यात फरक असतो. नारळीकर लपले ते आपल्या नावाचं वजन कथेच्या पारड्यात पडू नये म्हणून. नॉर्टनबाई लपल्या ते नावाने पारडं वर जाऊ नये म्हणून.

पण मूर असोत की ब्रॅकेट, लेखणी बाईंची असली तरी यानकथांचे नायक बुवाच. मूरबाईंचा नॉर्थवेस्ट स्मिथ, ब्रॅकेटबाईंचा एरिक जॉन स्टार्क. (मूरबाईंनी जिरेल नावाची एक तलवारबाज नायिका लिहिली, पण ती मध्ययुगीन फ्रान्समधली, यानातली नव्हे.) म्हणजे यान बांधलं बाईने आणि चालवलं बुवाने.

मग प्रत्यक्षातच एक बाई वर गेली. १६ जून १९६३ रोजी व्हॅलेन्तिना तेरेश्कोव्हा अवकाशात झेपावल्या आणि पृथ्वीला ४८ प्रदक्षिणा घालून आल्या. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेससमोर बायकांना अंतराळवीर का करत नाही यावर सुनावणी झाली होती. नियम असा, की उमेदवार जेट विमानांचा चाचणी वैमानिक हवा. आणि ते काम बायकांना मिळतच नसे. झालं! सही पाहिजे तर आधी अंगठा आणा, तशातली गत.

यानंतरच्या पाच-सहा वर्षांत पुस्तकांची हवा बदललेली दिसते. नेमकं कशामुळे ते एका कारणावर बोट ठेवून सांगता यायचं नाही, पण १९६४ मध्ये नॉर्टनबाईंनी 'ऑर्डील इन अदरव्हेअर'मध्ये मुलगी मध्यवर्ती ठेवली. १९६६ मध्ये सॅम्युअल डिलेनी या तरुण कृष्णवर्णीय लेखकाची 'बेबल-१७' आली. तिची नायिका रायड्रा वाँग कवयित्री आहे, भाषातज्ज्ञ आहे आणि यानाची कप्तानही. आपल्या अर्थाची कप्तानीण! शत्रूची एक गूढ भाषा उलगडायची कामगिरी तिच्यावर आहे आणि त्या भाषेत 'मी' हा शब्दच नाही. मी हे पुस्तक बाजूला काढून ठेवलं, पण आमच्या भिशीला ते पहिल्याच घासाला जड गेलं असतं.

१९६९ चं अ‍ॅन मॅकॅफ्रे यांचं 'द शिप हू सँग' तर अगदी निवडलंच होतं. हेल्वा ही जन्मतः अपंग मुलगी, तिचं शरीर एका कवचात बंद करून तिच्या मेंदूला यान जोडलेलं. म्हणजे यान हीच बाई. गाते सुरेख. पण आपल्याला घडवण्याचा खर्च तिला नोकरी करकरून फेडायचा असतो आणि सोबतीला एक हिंडता-फिरता जोडीदार लागतो. वहिनी ऐकून म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखंच. घर मीच, आणि घराचे हप्तेही मीच." शिवाय अपंग शरीर म्हणजे टाकून द्यायची वस्तू, हा त्यातला विचार आज वाचताना टोचतो. ठेवलं परत.

खरी भरती आली ती ऐंशीच्या दशकात. सी. जे. चेरी यांचं मूळ आडनाव साधं चेरी. संपादकाला ते प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईसारखं वाटलं, म्हणून त्यांनी इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एक मुका 'एच' चिकटवला. म्हणजे तोवरही पगडी पुरती उतरली नव्हती. पण त्यांची १९८१ मधली 'द प्राइड ऑफ शानूर' वाचाच. सिंहासारखी दिसणारी एक जमात, व्यापारी यानाची कप्तान पायन्फर आणि सगळा ताफा बायकांचा. पुरुष घरी. का, तर ते फार भावनाप्रधान, तापट, त्यांना अंतराळातलं जबाबदारीचं काम झेपायचं नाही असा समज! वाचताना हसू येतं आणि मग हे सगळं कुठे ऐकलंय ते आठवतं.

१९९३ मध्ये डेव्हिड वेबर यांची ऑनर हॅरिंग्टन आली, नौदलातली करारी कप्तान. प्रत्यक्षात अमेरिकेच्या स्पेस शटलची कमांडर होणारी पहिली बाई, आयलीन कॉलिन्स, जुलै १९९९ मध्ये. पुस्तकं थोडीच पुढे होती, फार नाही.

अलीकडची दोन पुस्तकं फार मोह घालत होती. अ‍ॅन लेकी यांची 'अ‍ॅन्सिलरी जस्टिस' (२०१३) हिला ह्यूगो, नेब्युला आणि आर्थर सी. क्लार्क असे तिन्ही मोठे पुरस्कार मिळाले. तिच्यातल्या साम्राज्याच्या भाषेत स्त्री-पुरुष भेदच नाही, म्हणून निवेदक सगळ्यांनाच 'शी' म्हणते. ती निवेदक मुळात एक यान होती, आता एका शरीरात उरली आहे. इंग्रजीत एक सर्वनाम बदललं की काम भागतं. मी मावशीला गोष्ट मराठीत सांगायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. 'मी गेले' म्हणू की 'मी गेलो'? आपल्या क्रियापदांना आधी बाई की बुवा ते सांगावं लागतं, त्याशिवाय ती जागची हलत नाहीत.

दुसरी आर्काडी मार्टिन यांची 'अ मेमरी कॉल्ड एम्पायर' (२०१९). एका छोट्या अंतराळस्थानकाची राजदूत माहित (हो, हेच नाव आहे :)) बलाढ्य साम्राज्याच्या राजधानीत येते. ते साम्राज्य तिचं स्थानक गिळायला टपलंय आणि तिला लहानपणापासून वेड कसलं, तर त्याच साम्राज्याच्या कवितांचं. इंग्रजी पुस्तकांनी कपाट भरून मराठीत लिहिणाऱ्या मला वेगळं काय सांगायला हवं? पण पुस्तक जाडजूड आणि नावं अशी, की मावशी पहिल्या पानावरच चष्मा काढून ठेवील.

शेवटी निवडलं ते १९८६ चं 'शार्ड्स ऑफ ऑनर'. लेखिका लोइस मॅकमास्टर बुजोल्ड, ओहायोतल्या एका लहान गावात राहणाऱ्या, दोन लहान मुलांच्या आई. लागोपाठ तीन कादंबऱ्या लिहून झाल्यावर १९८५ मध्ये एका प्रकाशकाने तिन्ही एकदम घेतल्या. नाव पूर्ण, बाईचं, आद्याक्षरांमागे न लपता. आधीचं काही वाचलेलं असावं लागत नाही, पानंही बेताची.

कॉर्डेलिया नेस्मिथ ही सर्वेक्षण यानाची कमांडर. एका निर्जन ग्रहावर ती शत्रूपक्षाच्या अधिकाऱ्याबरोबर अडकते. बरोबर तिचा एक जखमी सहकारी, मेंदूला इजा झालेला. मैलोन्‌मैल चालत जायचंय आणि त्याला सोडून दिलं तर सोपं होईल. ती सोडत नाही. मग युद्ध होतं, ती त्यात लढते, आणि शेवटी आपलं पद, आपला पुढारलेला ग्रह सगळं सोडून त्या शत्रूच्या सरंजामी, मिशाळ दुनियेत जाते आणि त्याच्याशी लग्न करते.

भाचीचा पारा चढला. "आत्या, फसवलंस! कमांडर होती ती. शेवटी झाली काय? सरदारांच्या सौ. तुझ्याच भाषेत, कप्तानाची कप्तानीण झाली."

मला उत्तर सुचेना, कारण ती खरंच बोलत होती. मी पुढच्या भागाचा आधार घ्यायला गेले, की 'बरायार'मध्ये हीच बाई अजून न जन्मलेलं पोर वाचवायला कशी निघते, ह्यूगो मिळालाय त्याला वगैरे. तेवढ्यात मावशी म्हणाली, "मी सांगू?"

मावशी एका बँकेत होती, बत्तीस वर्षं. हे आम्हाला माहीत होतं. तिला एकदा बढती मिळाली होती, शाखेची मॅनेजर म्हणून, बाहेरच्या जिल्ह्यात, आणि तिने ती नाकारली होती, हे मात्र माझ्या आईलाही माहीत नव्हतं.

"कोणी नको म्हणालं नाही," मावशी म्हणाली. "हो पण म्हणालं नाही. मी विचारलंच नाही कोणाला. फॉर्मवर सही केली, डबा घेतला, घरी आले, कुकर लावला. काही सोडतोय असं वाटलंच नाही गं मला. या बाईला प्रत्येक वेळी माहितीये आपण काय सोडतोय ते. त्या आजारी पोराला सोडत नाही तेव्हाही माहितीये, नोकरी सोडते तेव्हाही. ती बायको झाली म्हणून तू चिडलीस. पण ती ठरवून झाली. माझं तसं नाही. माझं नुसतं झालं."

कोणी काही बोललं नाही. भाचीने मावशीच्या ताटलीत एक वडा वाढला आणि हळूच म्हणाली, "तरी मला नाही पटलं, मावशीआजी." मावशी म्हणाली, "नको पटू दे. तुझ्या वयाला नाही पटलं तेच बरं."

तेव्हापासून मनात घोळतंय. मी कपाटापुढे उभी राहून इतक्या पुस्तकांना एकच प्रश्न विचारला, की यान कोणाच्या हातात आहे. तो प्रश्न चुकीचा नव्हता. ली गार्बींपासून आयलीन कॉलिन्सपर्यंतचा सगळा इतिहास त्याच खुर्चीसाठी झालेला आहे, आणि ती खुर्चीच मिळत नसताना 'निवड' वगैरे बोलणं म्हणजे थट्टा आहे. पण खुर्ची मिळाली की गोष्ट संपली, असं मी धरून चालले होते. मावशीला तर खुर्ची देऊ केली होती. त्या दिवशी तिला कोणी विचारायला हवं होतं, आधी तिने स्वतःला.

असो. उठता उठता पुढची चिठ्ठी काढली. मावशीचं नाव निघालं! आम्हाला वाटलं, आता चरित्र नाहीतर संतवाङ्मय. मावशीने मला बाजूला घेतलं.

"ती सिंहीण सांगत होतीस ना, पुरुषांना घरी ठेवणारी. तिला नवरा आहे का?"

"आहे. घरची गादी जाते बिचाऱ्याची. मग ती त्याला यानावर घेते. पुढच्या भागांत तो तिथे काम शिकतो."

"शिकतो?" मावशीने पर्स उघडून चष्मा आत ठेवला. "आण तेच. आणि अक्षर जरा मोठं असलेलं बघ."